सामन्याच्या दिवसाचा बिअरमधला स्वयंपाक: प्रकल्प नोंदी

१० जानेवारी, शनिवार

८ फेब्रुवारीला सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलचा वर्षाचा अंतिम सामना) आहे आणि यंदा सगळे आमच्याकडे जमणार आहेत. मोठी माणसं चौदा, मुलं पाच. किकऑफ संध्याकाळी साडेसहाला. सामना साडेतीन तास तरी चालतो, आणि सुपर बोलचं मध्यांतर एरवीच्या सामन्यांपेक्षा बरंच लांब असतं. म्हणजे सगळं एकदम वाढून उपयोग नाही, खाणं टप्प्याटप्प्याने बाहेर यायला हवं.

या वेळी सगळ्या पदार्थांतून बिअर वापरायची असं ठरवलंय. अट एकच: जिथे बिअर पडेल तिथे तिला काहीतरी काम असलं पाहिजे. नावापुरती बाटली ओतायची नाही. बिअर पदार्थाला साधारण चार गोष्टी देते. भाजलेल्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या बार्लीची) गोडसर, खमंग चव. हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या कडसर फुलांचा) कडूपणा. थोडा आंबटपणा, कारण तिचा पीएच ४ ते ४.५ च्या आसपास असतो. आणि बुडबुडे. पदार्थाला यातलं काय हवंय आणि काय नकोय हे आधी पक्कं झालं की बाटली निवडायला वेळ लागत नाही. बहुतेक पाककृतींत नुसतं 'एक कॅन बिअर' असं लिहिलेलं असतं. ते मला फार अपुरं वाटतं. 'एक वाटी भाजी' लिहिण्यासारखंच झालं ते.

तूर्तास यादी: बीफ चिली (मांस आणि सुक्या मिरच्यांचा दाट रस्सा), चेडरचं गरम डिप, ब्राटवर्स्ट किंवा ब्राट (जर्मन पद्धतीचे सॉसेज), कांद्याच्या रिंग्ज, बिअर ब्रेड. बिअर कॅन चिकन (उघड्या बिअरच्या कॅनवर उभं करून भाजलेलं) करणार का असं दोघातिघांनी विचारलंय. त्याचा निर्णय नंतर.

११ जानेवारी, रविवार

आज काहीच शिजवलं नाही, फक्त बिअर आटवली. तीन छोटी पातेली, प्रत्येकात ३५५ मिली: एकात अमेरिकन लाइट लागर (फिकी, हलकी बिअर), दुसऱ्यात म्युनिक डुंकेल (जर्मन पद्धतीची गडद, माल्टप्रधान लागर), तिसऱ्यात आयपीए (भरपूर हॉप्सची कडवट बिअर). मंद आचेवर प्रत्येकी निम्मी होईपर्यंत ठेवली, कोमट होऊ दिली आणि चमच्याने चाखली.

लाइट लागर आटून फारसं काही उरलं नाही. किंचित गोड, किंचित आंबट, पावाच्या कडेसारखा वास. डुंकेल सुरेख आटली: टोस्ट, थोडं कॅरमेल, शेवटी हलका कडूपणा. आयपीएचं मात्र गणितच बदललं. बाटली उघडताना आलेला संत्र्याचा आणि झाडाच्या चिकाचा वास पहिल्या काही मिनिटांतच वाफेबरोबर गेला, आणि मागे राहिला तो जिभेच्या मुळाशी चिकटून बसणारा कडूपणा. पाणी प्यायल्यावरही तो हलत नव्हता.

कारण सरळ आहे. हॉप्सचा सुगंध बाष्पनशील तेलांत असतो, ती उडतात. कडूपणा आयसो-अल्फा आम्लांचा असतो, ती उडत नाहीत. आयबीयू हे कडूपणाचं माप म्हणजे ढोबळमानाने एका लिटरमध्ये या आम्लांचे किती मिलिग्रॅम आहेत तो आकडा. द्रव निम्मा झाला की तो आकडा जवळपास दुप्पट होतो. लाइट लागर साधारण ८ ते १२ आयबीयूची असते, डुंकेल १८ ते २८, अमेरिकन आयपीए ४० ते ७०. साठ आयबीयूची आयपीए निम्मी आटवली तर पातेल्यात एकशेवीसच्या घरातला द्रव असतो, आणि तो कोणी पेल्यातून पिणार नाही.

आपल्यापुरता नियम: जे आटणार आहे त्यात तिशीच्या आतली, माल्टप्रधान बिअर. कडक हॉप्सवाल्या बिअरचं काम आटवण्यात नाही. ती पाहुण्यांच्या हातात शोभते.

१७ जानेवारी, शनिवार

चिली. या जेवणाचा कणा हीच आहे, म्हणून आज दिवसभर तिच्यासाठी ठेवला होता.

बीफ चक (खांद्याकडचं मांस), सव्वा किलो, दीड-दीड इंचाचे तुकडे. खिमा नको होता, तुकडेच हवे होते. टेक्सासकडे चिलीत राजमा घालणं म्हणजे मोठा वादाचा विषय आहे. आमच्याकडे मुलांना राजमा आवडतो, म्हणून घालणार, पण वेगळा शिजवून. त्याला पाककलेचं कारणही आहे: आम्लात कडधान्याची सालं लवकर मऊ होत नाहीत. बिअर आंबट, टोमॅटो त्याहून आंबट. त्यात कच्चा राजमा टाकला तर मांस विरघळेल पण दाणे टणकच राहतील. राजमा रात्रभर भिजवला, ते पाणी फेकलं, ताज्या पाण्यात आधी दहा मिनिटं खळखळ उकळला आणि मग मंद केला. ही दहा मिनिटं टाळता येत नाहीत. कच्च्या लाल राजम्यातलं लेक्टिन नावाचं प्रथिन पोटाला फार त्रास देतं आणि स्लो कुकरच्या कमी तापमानाला ते नष्ट होत नाही.

सुक्या मिरच्या दोन प्रकारच्या, आंचो आणि ग्वाहियो. बिया काढून कोरड्या तव्यावर जेमतेम अर्धा मिनिट भाजल्या. वास सुटला की लगेच उचलायच्या, कारण करपलेली मिरची कडू होते आणि आपण आधीच बिअरचा कडूपणा आणतोय. गरम पाण्यात भिजवून त्यांची गुळगुळीत पेस्ट केली.

मांस पुसून कोरडं केलं, मीठ लावलं, जाड बुडाच्या पातेल्यात थोडं थोडं करून चांगलं तपकिरी होईपर्यंत परतलं. तळाला जो तपकिरी थर धरतो तोच खरा मसाला. त्यातच कांदा, लसूण, जिरेपूड, मेक्सिकन ओरेगॅनो परतले. मग डुंकेल, दोन बाटल्या म्हणजे ७१० मिली. ती पडल्याबरोबर तळाचा थर सुटायला लागतो, लाकडी उलथन्याने तो खरवडत राहायचं. हा क्षण जवळून बघण्यासारखा आहे: आधी पांढरा फेस वर येतो, मग कडेने तपकिरी रेघा निघतात, फेस बसतो आणि खाली एकसारखा तांबूस रस दिसायला लागतो. कच्च्या बिअरचा नाकाला झोंबणारा वास जाईपर्यंत, म्हणजे एक तृतीयांश आटेपर्यंत, झाकण ठेवलं नाही. मग मिरचीची पेस्ट, थोडे टोमॅटो, बीफ स्टॉक. झाकण अर्धवट ठेवून अडीच तास मंद आचेवर.

दोन तासांनी चाखली तेव्हा कडूपणा थोडा वर येत होता. आधी मीठ वाढवलं. कडूपणा कमी करायला लोक आधी साखरेकडे वळतात, पण मीठ कडूपणा जास्त चांगला दाबतं. मग ब्राउन शुगर एक लहान चमचा, तेवढी पुरली. राजमा शेवटच्या वीस मिनिटांत घातला. अगदी शेवटी कॉर्नमील दोन चमचे पाण्यात कालवून, त्याने रस मिळून येतो.

तुकडे चमच्याने दाबले तर तुटतात, पण आपला आकार धरून आहेत. हेच हवं होतं.

१८ जानेवारी, रविवार

कालची चिली आज गरम केली. कालच्यापेक्षा सरस आहे. मिरची, मांस आणि माल्ट आता वेगवेगळे लागत नाहीत. त्यामुळे चिली आदल्या दिवशीच करायची हे नक्की झालं. बायकोचं मत: थोडी तिखट वाढव, मुलांची वाटी क्रीम घालून देता येईल. मान्य.

२४ जानेवारी, शनिवार

चीज डिप. बिअर आणि चेडर यांची जोडी जुनी आहे. केंटकीत बिअर चीज म्हणतात ते थंड असतं: तिखट चवीचं चेडर, लसूण, लाल तिखट आणि फेस गेलेली बिअर एकत्र वाटून केलेलं, बिस्किटाला किंवा सेलरीला लावून खायचं. विस्कॉन्सिनकडे त्याच जोडीचं गरम सूप होतं. मला यांच्या मधलं हवंय, गरम आणि प्रेट्झेलने उचलता येईल इतपत दाट.

गरम चीजची अडचण अशी की ते फुटतं. तूप वेगळं, रबरी गोळे वेगळे. चीज म्हणजे प्रथिनांच्या जाळीत अडकलेली चरबी आणि पाणी. ती जाळी कॅल्शियमने बांधलेली असते. उष्णता जास्त झाली की जाळी आवळते आणि चरबी पिळून बाहेर टाकते. बिअरच्या आंबटपणाने हे आणखी लवकर होतं. म्हणून स्टार्चचा आधार लागतो.

प्रमाण: लोणी ४५ ग्रॅम, मैदा ३० ग्रॅम, पूर्ण सायीचं दूध २४० मिली, बिअर १८० मिली, चेडर ३४० ग्रॅम, डिजाँ मोहरी एक चमचा, चिमूटभर केयेन मिरची. चेडर दोन प्रकारचं: दोन तृतीयांश कोवळं, एक तृतीयांश मुरलेलं. मुरलेल्याला चव असते पण ते लवकर फुटतं, कोवळं छान वितळतं पण फिकं लागतं. पाकिटातलं किसलेलं चीज इथे नको. किस चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च किंवा सेल्युलोजची भुकटी लावलेली असते आणि डिप खरखरीत होतं. हाताने किसायला दहा मिनिटं लागतात.

लोण्यात मैदा परतला, रंग बदलू न देता. दूध थोडं थोडं घालत फेटलं, मग बिअर. सगळं मिळून पंधरा मिनिटं अगदी मंद उकळू दिलं, म्हणजे मैद्याचा कच्चा वास जातो आणि बिअरचा तीव्रपणाही. त्यानंतर गॅस बंद. चीज बंद गॅसवरच घालायचं, मूठमूठभर, प्रत्येक मूठ विरघळल्यावर पुढची. फेटणीची तार उचलल्यावर डिपची रेघ दोन क्षण टिकते आणि मग सपाट होते. पृष्ठभागावर रेशमासारखी चकाकी असते. ती चकाकी तेलकट ठिपक्यांत मोडायला लागली तर आच जास्त आहे असं समजावं आणि दोन चमचे थंड दूध घालून जोरात फेटावं.

अर्ध्या भागात सोडियम सायट्रेट घालून पाहिलं, मैदा न घालता. हे मीठ कॅल्शियम पकडून ठेवतं, त्यामुळे जाळी सैल होते आणि चरबी सुटत नाही. डिप अतिशय तलम झालं, चीजची चवही जास्त स्वच्छ. तरी मला मैद्याचंच आवडलं, प्रेट्झेलवर जास्त छान बसतं. सायट्रेटचं लक्षात ठेवतोय, कारण ग्लूटेन न चालणाऱ्यांसाठी तोच रस्ता आहे. अर्थात त्यात बिअर न घालता.

इथे बिअर अंबर लागर. डुंकेलने रंग मळकट होतो.

२५ जानेवारी, रविवार

आज मित्राच्या आईचा, काकूंचा फोन होता. त्या महिनाभर इथेच आहेत आणि सामन्याला येणार आहेत. मी यादी सांगितली. त्यांनी शांतपणे विचारलं, "अरे, शिजल्यावर त्यातली दारू उडून जाते ना?" मी म्हटलं, "नाही काकू, सगळी नाही जात." त्यावर त्या म्हणाल्या, "मग माझ्यासाठी थोडं वेगळं काढशील का?" काढणारच.

हा प्रश्न नीट सोडवायला हवा, म्हणून ही नोंद सविस्तर. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं आणि पाणी १०० ला, म्हणून ते सगळं आधी निघून जातं अशी समजूत आहे. पण ते पाण्यात मिसळलेलं असतं, दोन्ही एकत्रच वाफ होतात आणि थोडं अल्कोहोल बराच वेळ मागे राहतं. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यात आकडे आहेत: १५ मिनिटं शिजवल्यावर ४० टक्के शिल्लक, अर्ध्या तासाने ३५, तासाने २५, दोन तासांनी १०, अडीच तासांनी ५. उकळत्या रसात घालून लगेच खाली उतरवलं तर ८५ टक्के तसंच राहतं.

आता आपल्या पदार्थांचा हिशोब. पाच टक्क्यांच्या ३५५ मिली बिअरमध्ये साधारण १४ ग्रॅम अल्कोहोल असतं. चिलीत दोन बाटल्या, २८ ग्रॅम. अडीच तासांनी दीड ग्रॅमच्याही आत, आणि ते बारा-चौदा वाट्यांत वाटलं जाणार. डिपमध्ये १८० मिली म्हणजे ७ ग्रॅम, पंधरा मिनिटांनी जवळजवळ ३ ग्रॅम, पूर्ण भांड्यात. ब्रेडमध्ये एक बाटली, पाऊण तास भाजून ३० टक्के धरले तर सगळ्या लोफमध्ये ४ ग्रॅम. आकडे लहान आहेत. पण जो माणूस धर्मामुळे, औषधामुळे, गरोदरपणामुळे किंवा सोडलेल्या व्यसनामुळे घेत नाही, त्याच्यासाठी 'थोडंच आहे' हे उत्तर मी देणार नाही. ते ठरवण्याचा हक्क त्याचा आहे, माझं काम खरं सांगण्याचं.

नॉन-अल्कोहोलिक बिअरचाही विचार केला. तिच्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं, म्हणून काकूंसाठी तीही नाही. मुलांच्या ब्रेडला आणि रिंग्जना मात्र ती उत्तम.

ठरलेलं: चिलीचं एक छोटं पातेलं सुरुवातीपासून बिअरशिवाय. तिथे आंबट-गोडाची जागा भरायला स्टॉक, एक चमचा सफरचंदाचं व्हिनेगर आणि थोडी काकवी. डिपचा एक वाडगा नुसत्या दुधाचा, सायट्रेटवर. एका मित्राला ग्लूटेन चालत नाही आणि बिअर बार्लीची असते, त्यामुळे हीच दोन भांडी त्यालाही चालतील, स्टॉक आणि मसाल्यांच्या पाकिटांवरचे घटक तपासून घेतले की झालं. त्यांचे वाढायचे डाव वेगळे ठेवायचे. काटेकोर शाकाहारी कोणी असेल तर एक गोष्ट आणखी: काही एल बिअर नितळ करायला माशापासून काढलेलं आयसिंग्लास वापरतात. बाटलीवर ते लिहिलेलं असेलच असं नाही.

प्रत्येक भांड्यासमोर कागद: बिअर आहे, बिअर नाही.

३१ जानेवारी, शनिवार

ब्राटवर्स्ट. सामन्याच्या दिवशी ब्राट खाण्याची विस्कॉन्सिनची रीत, आणि पहिला सुपर बोल जिंकला तोही विस्कॉन्सिनच्याच ग्रीन बे पॅकर्सनी, १५ जानेवारी १९६७ ला लॉस एंजेलिसमध्ये, कॅन्सस सिटी चीफ्सवर ३५-१० असा. ब्राटशिवाय मेज मांडायचं मनाला पटत नाही.

शिजवण्याच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्हीकडची माणसं ठाम आहेत. एक पक्ष बिअर, कांदा आणि लोण्यात ब्राट आधी शिजवून मग ग्रिलवर टाकतो. विस्कॉन्सिनमधल्या शेबॉयगनसारख्या ठिकाणचे जाणकार म्हणतात, कच्चे ब्राट थेट कोळशावर, सावकाश, बाकी सगळं चव धुऊन टाकणं आहे. आज दोन्ही केले. थेट ग्रिलवरच्यांची चव खरंच जास्त भरीव. साल कुरकुरीत, आतला रस आतच. पण त्यांच्याजवळून हलता येत नाही. चरबी ठिबकते, ज्वाळा उठतात, सतत फिरवत राहावं लागतं. चौदा माणसांच्या गर्दीत आणि सामना सुरू असताना ते जमणार नाही.

म्हणून मधला मार्ग: आधी ग्रिल, मग बिअरचं न्हाण. मध्यम निखाऱ्यावर ब्राट पूर्ण भाजायचे, आतलं तापमान ७१ अंश सेल्सिअस (१६० फॅरनहाइट) झालं की उतरवायचे. बाजूला पसरट पातेल्यात दोन मोठे कांदे लोण्यात मऊ परतून, त्यावर लाइट लागर, थोडी मोहरी. ते ७० अंशांच्या आसपास ठेवायचं, उकळू द्यायचं नाही. उकळलं की साल फुटते आणि आतला रस पाण्यात जातो. भाजलेले ब्राट त्यात तास दीड तास सुखाने राहतात आणि कांद्याला ब्राटची चव लागते. ६० अंशांच्या वर राहिलं की सुरक्षितही. इथे लाइट लागरच हवी, कारण पातेलं संध्याकाळभर तापत राहणार आणि द्रव आटत जाणार.

ग्रिलचं बोलतोच आहोत तर: पोर्तो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पोर्क चार तास बिअरमध्ये मुरवून कोळशावर भाजलं होतं. काळ्या बिअरमध्ये मुरवलेल्यात पीएएच नावाची घातक संयुगं निम्म्याहून कमी झाली, पिल्सनरमध्ये परिणाम बराच कमी. ब्राटला मुरवणं नसतं, पण उन्हाळ्यात पोर्क चॉप्स करू तेव्हा हे करण्यासारखं आहे.

१ फेब्रुवारी, रविवार

कांद्याच्या रिंग्ज. बिअरच्या बुडबुड्यांचं खरं काम इथे आहे. पिठातला कार्बन डायऑक्साइड गरम तेलात पडताच फुगून बाहेर पडतो आणि कवचात पोकळ्या सोडतो. अल्कोहोल मैद्यातलं ग्लूटेन कमी बनू देतं आणि पाण्यापेक्षा भराभर उडतं, म्हणून कवच लवकर कोरडं होतं. फेस टिकवणारी बिअरमधली प्रथिनं बुडबुडे धरून ठेवतात.

मैदा १५० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ५० ग्रॅम, मीठ, पाप्रिका, बर्फगार लागर साधारण २४० मिली. कोरडं मिश्रण आधीच करून फ्रिजमध्ये. बिअर अगदी तळायच्या वेळी ओतायची आणि काट्याने चारदोनदा फिरवायचं. गुठळ्या राहिल्या तर राहू देत, घोटलं की बुडबुडे जातात आणि कवच चिवट होतं. रिंग्ज आधी कोरड्या कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवायच्या, नाहीतर पीठ सरकतं. तेल १८५ अंश. एका वेळी पाच-सहा, जास्त टाकल्या तर तेल थंड होतं. जाळीवर निथळायच्या, कागदावर ठेवल्या की खालची बाजू वाफेने नरम पडते.

बिअर ब्रेडला फार लिहिण्यासारखं नाही. मैदा ३७५ ग्रॅम, बेकिंग पावडर साडेचार छोटे चमचे, मीठ पाऊण छोटा चमचा, साखर तीन मोठे चमचे, बिअर ३५५ मिली, वरून ६० ग्रॅम वितळलेलं लोणी. १९० अंशांवर पाऊण तास ते पन्नास मिनिटं. बाटलीतल्या बिअरच्या यीस्टने ब्रेड फुगतो असं ऐकू येतं. बाजारातली बहुतेक बिअर गाळलेली किंवा पाश्चराइज केलेली असते, फुगवण्याचं काम बेकिंग पावडरचंच. बिअर देते ती चव, म्हणून इथे ब्राउन एल (तपकिरी, माल्टप्रधान बिअर). सालीवरचं लोणी आणि माल्ट मिळून जो वास येतो त्यासाठी हा ब्रेड करावा.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बिअर कॅन चिकन: करणार नाही. चिकन शिजतं तेव्हा त्याचं आतलं तापमान ७४ अंश असतं. मांसाच्या आड झाकलेला कॅन त्या वेळेत उकळीपर्यंत पोचतच नाही, तर वाफ कुठून येणार? बिअर जवळजवळ तेवढीच परत मिळते. शिवाय कॅनला बाहेरून रंग आणि आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, ते तापवावं असं वाटत नाही. कणा काढून सपाट केलेलं चिकन ग्रिलवर लवकर आणि सारखं शिजतं. ते वेगळ्या रविवारी.

बिअर आणली. सगळ्या बाटल्या कपाटात, अंधारात. प्रकाश पडला की आयसो-अल्फा आम्लं मोडतात आणि स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधी फवाऱ्यासारखा वास सुटतो. तपकिरी काच त्यापासून बरीच वाचवते, हिरवी आणि पारदर्शक नाही. तो वास डिपमध्ये उतरला तर झाकता येत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

दोन्ही चिली झाल्या. मोठं पातेलं तसंच फ्रिजमध्ये ठेवलं तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, म्हणून पसरट डब्यांत दोन इंचांपेक्षा कमी थर देऊन गार केली. चीज किसून ठेवलं. कांदे कापले. दोन्ही ब्रेड उद्या दुपारी भाजायचे, ते ताजेच चांगले. कागदाच्या पाट्या मुलीने लिहिल्या, रंगीत पेनाने, मोठ्या अक्षरात.

८ फेब्रुवारी, रविवार

घाईत नोंदी.

साडेतीन: ब्रेड ओव्हनमध्ये. आधी मुलांचा, मग ब्राउन एलचा.

साडेचार: चिली मंद आचेवर. ७४ अंशांपर्यंत पूर्ण गरम केली, मग स्लो कुकर 'वॉर्म'वर. चवीला फक्त लिंबू.

सव्वापाच: ग्रिल पेटवला. थंडी आहे, निखाऱ्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. सहाला ब्राट न्हाणात.

सहा: डिप. काकूंचा वाडगा आधी, मग बिअरचं. काकू स्वतः येऊन पाट्या वाचून गेल्या, मग निवांत बसल्या.

पहिलं क्वार्टर: डिप सगळ्यात आधी संपत आलं. ब्रेडच्या कडा डिपमध्ये बुडवून खायची कल्पना मुलांची, प्रेट्झेलपेक्षा छान लागतं.

मध्यांतर: रिंग्ज. लोक शो बघत होते, मी आणि मित्र तेलापाशी. पीठ दोन वेळा ताजं कालवलं, दुसऱ्यांदा नॉन-अल्कोहोलिक बिअरमध्ये. दोन्ही बॅचेस समोरासमोर ठेवून पाहिल्या. कुरकुरीतपणात फरक असलाच तर नखाएवढा.

तिसरं क्वार्टर: चिली. काकूंनी बिनबिअरची दोनदा घेतली, काकवी विचारली. ज्याला ग्लूटेन चालत नाही तो मित्र म्हणाला की एरवी अशा संध्याकाळी तो घरून जेवून येतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

उरलेलं: चिली दोन डबे, फ्रीझरमध्ये. ब्राट सहा, कांद्यासकट फ्रिजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवायचे. न्हाणाचा रस गाळून ठेवला नाही, संध्याकाळभर आटून कडसर झाला होता.

पुढच्या वेळेसाठी बदल: डिप दीडपट. डिपचं भांडं गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवावं, थेट हीटरवर ठेवलेलं तळाशी धरतं. रिंग्जसाठी सरसकट नॉन-अल्कोहोलिक बिअर, म्हणजे दुसरी बॅच लागणार नाही. चिलीत डुंकेल दोनऐवजी दीड बाटली आणि तेवढा स्टॉक जास्त. ब्राउन एलच्या ब्रेडमध्ये मूठभर किसलेलं चेडर घालून बघायचं आहे, या शनिवारी.